रोमन सम्राज्ञींचीं कांशाचीं नाणीं : लेखांतील विभक्तींचा विचार

(१)

नाणें हातीं आलें म्हणजे त्यावर नांव कोणाचें आहे हें आपण प्रथम पाहतों. तें नांव कोणत्या विभक्तींत आहे हें पाहण्याची संवय मात्र आपणांस फारशी नाहीं. वस्तुतः आपल्याकडील जुन्या नाण्यांनींच ती आपणांस लावावयास पाहिजे होती. इ. स. १९०६ मध्यें नाशिक जिल्ह्यांत जोगलटेंभी येथें १३,००० हून अधिक रुप्याचीं नाणीं सांपडलीं. त्यांवरील मूळचा लेख 'राञो क्षहरातस नहपानस' असा आहे. पुढें गौतमीपुत्र सातकर्णीनें त्यांतील ९,००० हून अधिक नाण्यांवर आपला छाप मारला. त्याचाही लेख 'रञो गोतमिपुतस सिरि सातकणिस' असा षष्ठ्यन्तच आहे. राजा बदलला, पण विभक्ति बदलली नाहीं. 'राजा नहपान' असें हें नाणें म्हणत नाहीं. 'राजा नहपान याचें' असें म्हणतें. उलट, पहिला चंद्रगुप्त व कुमारदेवी यांच्या आकृति असलेल्या गुप्तकालीन सुवर्णनाण्याच्या मागील बाजूस सिंहावर बसलेल्या देवीजवळ 'लिच्छवयः' हें प्रथमेचें बहुवचन आहे. तेथें लिच्छवि हे नाण्याचे धनी म्हणून येत नाहींत. जणूं स्वतः पुढें उभे असल्याप्रमाणें येतात. तेव्हां नाण्यावरील व्यक्तीचें त्या नाण्याशीं व राज्याशीं नातें काय, हें पुष्कळदां विभक्तीच सांगते.

हा विचार आम्हांस नव्यानें करावा लागला, त्यास कारण आमच्याच हातून झालेली चूक होय. आमच्या एका स्नेह्यांकडे त्यांच्या आजोबांनीं विलायतेंतून आणलेली रोमन नाण्यांची एक पेटी आहे. तींतील बहुतेक नाणीं कांशाचीं असून पुष्कळांवर बादशाही घराण्यांतील स्त्रिया व देवता आहेत. कांहीं वर्षांपूर्वीं त्या नाण्यांची यादी आम्हीं करून दिली. ती करतांना आम्हीं चेहरे पाहिले, केशरचना पाहिल्या, छापील सूचींतील चित्रांशीं त्या ताडून पाहिल्या व नांवें लिहून काढलीं. लेखांच्या शेवटच्या अक्षरांकडे जावें तितकें लक्ष गेलें नाहीं. पुढें यादी फिरून तपासतां दोन ठिकाणीं आम्ही चुकलों असें दिसून आलें. आयुष्यभर मुलांकडून विभक्ति चालवून घेणारांनीं विभक्तींतच चुकावें, हें सांगण्यास संकोच वाटतो. परंतु इतर संग्राहकांसही तसाच मोह होण्याचा संभव असल्यामुळें तो संकोच बाजूस ठेवून हा लेख लिहीत आहों.

लॅटिन लेख येथें नागरींत दिले असून संक्षेपानें कोरलेले शब्द अर्थास लागतील तेथें पूर्ण केले आहेत. संस्कृतज्ञांस लॅटिन विभक्ति परक्या वाटण्याचें कारण नाहीं. आकारान्त स्त्रीलिंगी नामाची प्रथमा 'फाउस्तिना', षष्ठी 'फाउस्तिनाए' व चतुर्थीही 'फाउस्तिनाए'. षष्ठी व चतुर्थी यांचें रूप एकच असल्यामुळें जी अडचण उत्पन्न होते तिचा विचार पुढें येईलच. प्राकृतांत चतुर्थीचें काम षष्ठीच करते हें ज्यांस ठाऊक आहे, त्यांस त्या अडचणीचें नवल वाटणार नाहीं.

(२)

आधीं धातूविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. संग्राहक ज्यांस सरसकट कांशाचीं नाणीं म्हणतात तीं सर्व कांशाचीं नसतात. ऑगस्टस बादशहानें चलनाची जी व्यवस्था लावली तींत सेस्तेर्तियुस व दुपोंदियुस हीं नाणीं पितळेचीं, म्हणजे तांबें व जस्त यांच्या मिश्रणाचीं होतीं. आस हें नाणें तांब्याचें होतें. २ आस म्हणजे १ दुपोंदियुस, ४ आस म्हणजे १ सेस्तेर्तियुस, ४ सेस्तेर्तियुस म्हणजे रुप्याचा १ देनारियुस आणि २५ देनारियुस म्हणजे सोन्याचें १ आउरेउस, असा हिशेब असे. सेस्तेर्तियुसाचें वजन सुमारें २५ ग्रॅम, म्हणजे आपल्या दोन तोळ्यांहून कांहींसें अधिक. एवढ्या मोठ्या चकतीवर चित्रास व लेखास ऐसपैस जागा मिळे. शिवाय बाजारांत रोज हातीं येणारें नाणें हेंच. त्यामुळें सम्राज्ञीचें रूप सामान्य जनांस दिसे तें मुख्यतः या नाण्यांवर.

या नाण्यांवर बहुधा 'एस' व 'सी' हीं दोन मोठीं अक्षरें असतात. तीं 'सेनातुस् कोन्सुल्तो' या शब्दांचीं आद्याक्षरें असून त्यांचा अर्थ 'सेनेटच्या ठरावानें' असा आहे. 'कोन्सुल्तो' हें पंचमीचें रूप. पण तें येथें आपल्या तृतीयेचें काम करतें. नाणीं पाडण्याच्या कामीं सेनेटचा अधिकार प्रत्यक्षांत किती होता, याविषयीं विद्वानांत मतभेद आहेत. त्या वादांत येथें शिरण्याचें प्रयोजन नाहीं.

(३)

आतां आमच्या पहिल्या चुकीकडे वळूं. ती टायबेरियस बादशहाच्या इ. स. २२-२३ मधील एका दुपोंदियुसाविषयीं आहे. दर्शनी बाजूस एका स्त्रीचा चेहरा आहे. केस मध्यें भांग पाडून लाटांप्रमाणें मागें नेलेले आणि मानेवर त्यांची गांठ बांधलेली. खालीं लेख 'सालुस् आउगुस्ता'. मागील बाजूस टायबेरियसाचें नांव, त्याच्या लोकाधिकाराचें २४ वें वर्ष व मध्यभागीं तीं दोन मोठीं अक्षरें. पुष्कळ सूचींत हें नाणें 'लिव्हिया' या नांवाखालीं असतें. लिव्हिया ही ऑगस्टसाची पत्नी व टायबेरियसाची माता. इ. स. १४ मध्यें ऑगस्टसाच्या मृत्युपत्रान्वयें ती त्याच्या कुळांत दत्तक गेली व 'युलिया आउगुस्ता' म्हणूं लागले. आम्हींही यादींत 'लिव्हिया' एवढेंच लिहिलें.

पण नाणें काय म्हणतें? 'सालुस्' म्हणजे आरोग्य, क्षेम. व तीच त्याची अधिष्ठात्री देवता. हा शब्द स्त्रीलिंगी, प्रथमेचें एकवचन. 'आउगुस्ता' हेंही स्त्रीलिंगी, प्रथमेचें एकवचन. म्हणजे समानाधिकरण विशेषण. अर्थ झाला 'आउगुस्ता अशी सालुस्', पूज्य अशी क्षेमदेवता. लेख 'सालुस् आउगुस्ताए' असा असता, तर 'आउगुस्तेचें क्षेम' असा अर्थ होऊन लिव्हियेचें नांव षष्ठींत कां होईना पण नाण्यावर आलें असतें. तसें तें आलेलें नाहीं. नाणें देवतेचें नांव सांगतें, मानवी स्त्रीचें सांगत नाहीं.

तथापि प्रश्न येथें संपत नाहीं. टॅसिटसाच्या इतिहासावरून कळतें कीं इ. स. २२ मध्यें लिव्हिया फार आजारी पडली, टायबेरियस त्वरेनें रोमला परतला, व सेनेटनें देवांची प्रार्थना आणि उत्सव करण्याचे ठराव केले. त्याच सुमारास आरोग्यदेवतेचें नाणें निघावें, तिला 'आउगुस्ता' हेंच विशेषण लागावें, आणि तिची केशरचना लिव्हियेच्या पुतळ्यांवरील केशरचनेसारखी असावी, हा सर्व योगायोग मानणें कठीण आहे. उलट, त्याच वेळच्या दुसऱ्या दोन दुपोंदियुसांवर 'युस्तितिया' म्हणजे न्यायदेवता व 'पिएतास्' म्हणजे भक्तिदेवता यांचे चेहरे आहेत. न्यायदेवतेच्या मस्तकावर मुकुटपट्ट असून भक्तिदेवतेच्या डोक्यावरून पदर घेतलेला आहे. हे तिन्ही चेहरे परस्परांशीं पुरते जुळत नाहींत. तिन्ही लिव्हियेचेच असते, तर इतका भेद कां असावा?

त्याच वर्षाच्या एका सेस्तेर्तियुसानें या प्रश्नावर चांगला प्रकाश पडतो. त्यावर दोन खेंचरांनीं ओढलेला एक शृंगारलेला रथ आहे व लेख आहे 'सेनातुस् पोपुलुस्क्वे रोमानुस् युलियाए आउगुस्ताए' – 'सेनेट व रोमन जनता यांजकडून युलिया आउगुस्तेस'. येथें दाता प्रथमेंत आहे व 'युलियाए' ही चतुर्थी, म्हणजे संप्रदान. रोमच्या टांकसाळींतील पितळी नाण्यांवर लिव्हियेचें नांव प्रथम येतें तें येथें. परंतु रथांत ती बसलेली दाखविलेली नाहीं. अशा रीतीनें एकाच वर्षीं, एकाच टांकसाळींत, एका नाण्यावर नांव आहे पण चेहरा नाहीं, आणि दुसऱ्यावर चेहरा आहे पण नांव नाहीं. हें अनवधान नव्हे, मर्यादेचें पालन आहे असें आमचें मत आहे. जिवंत मानवी स्त्रीस रोम शहरीं उघडपणें देवता म्हणावयाचें नव्हतें. पाहणारानें मनांत काय म्हणावें तें त्याजवर सोपविलें होतें. प्रांतांत ही मर्यादा नव्हती. स्पेनमधील रोमुला या वसाहतीच्या नाण्यावर लिव्हियेचा चेहरा असून भोंवतीं 'युलिया आउगुस्ता गेनेत्रिक्स् ओर्बिस्', म्हणजे 'युलिया आउगुस्ता, जगताची जननी', असें स्पष्ट प्रथमेंत लिहिलें आहे. रोमनें जें सूचित केलें तें रोमुलानें बोलून दाखविलें.

लिव्हिया इ. स. २९ मध्यें वारली. तिला देवत्व देण्यास टायबेरियसानें संमति दिली नाहीं. तें दिलें क्लॉडियसानें, इ. स. ४२ मध्यें. त्याच्या दुपोंदियुसाच्या एका बाजूस 'दिवुस् आउगुस्तुस्' हा लेख व ऑगस्टसाचें मस्तक आहे, आणि दुसऱ्या बाजूस आसनस्थ स्त्री, हातांत धान्याचीं कणसें व लांब मशाल, आणि लेख 'दिवा आउगुस्ता'. कणसें व मशाल हीं केरेस् या धान्यदेवतेचीं लक्षणें. पण नांव केरेस् नाहीं. मृत्यूनंतर तेरा वर्षांनीं चेहरा, लक्षणें व नांव हीं रोमच्या नाण्यावर एकत्र आलीं, आणि नांव प्रथमेंत आलें.

(४)

जिवंत स्त्रियांचीं नांवें रोमच्या पितळी नाण्यांवर आकृतींसह प्रथम घातलीं तीं कॅलिग्युलानें. इ. स. ३७-३८ च्या त्याच्या सेस्तेर्तियुसावर त्याच्या तीन बहिणी उभ्या असून त्यांचीं नांवें 'आग्रिप्पिना', 'द्रुसिल्ला', 'युलिया' अशीं प्रथमेंत आहेत. आग्रिप्पिना स्तंभावर टेकलेली, द्रुसिल्लेच्या हातांत पूजेचें तबक, युलियेच्या हातांत सुकाणूं. तिघींच्याही हातांत समृद्धीचें शिंग आहे. हीं अनुक्रमें निर्भयता, सौमनस्य व भाग्य या देवतांचीं लक्षणें होत. देवतांचीं नांवें मात्र कोठेंही नाहींत. टायबेरियसाच्या नाण्यावर देवतेचें नांव व मानवीचा चेहरा. येथें मानवीचें नांव व देवतेचीं लक्षणें. इ. स. ३८ मध्यें द्रुसिल्ला वारली व तिला देवत्व मिळालें. पुढच्याच वर्षीं राहिलेल्या दोघी बहिणी हद्दपार झाल्या.

त्याच बादशहानें आपल्या मातेसाठीं पाडलेलें नाणें विभक्तींच्या दृष्टीनें अधिक बोधप्रद आहे. थोरली आग्रिप्पिना ही टायबेरियसाच्या रोषास बळी पडून इ. स. ३३ मध्यें पांदातेरिया बेटावर हद्दपारींत वारली. मुलगा बादशहा होतांच त्यानें स्वतः जाऊन तिच्या अस्थि रोमला आणल्या. सेस्तेर्तियुसाच्या दर्शनी बाजूस तिचा चेहरा व लेख 'आग्रिप्पिना, मार्कुसाची कन्या, गाइयुस काइसार आउगुस्तुस याची माता'. मागें तोच खेंचरांचा रथ, आणि 'सेनातुस् पोपुलुस्क्वे रोमानुस् मेमोरियाए आग्रिप्पिनाए' – 'सेनेट व रोमन जनता यांजकडून आग्रिप्पिनेच्या स्मृतीस'. 'मेमोरियाए' ही चतुर्थी व 'आग्रिप्पिनाए' ही षष्ठी. रूप एकच, पण विभक्ति दोन! अर्पण तिला केलेलें नाहीं, तिच्या स्मृतीस केलेलें आहे. कारण तिला देवत्व दिलेलें नव्हतें.

पुढें क्लॉडियसानेंही याच स्त्रीचा सेस्तेर्तियुस पाडला. चेहरा तोच; परंतु लेख आतां 'आग्रिप्पिना, मार्कुसाची कन्या, गेर्मानिकुस काइसार याची' असा झाला. 'पत्नी' हा शब्द अध्याहृत आहे. कॅलिग्युलाचा खून झालेला असल्यामुळें त्याची माता म्हणून तिचा गौरव करण्यांत कांहीं स्वारस्य उरलें नव्हतें. गेर्मानिकुस हा मात्र क्लॉडियसाचा लोकप्रिय बंधु होता. अशा रीतीनें प्रथमेंतील नांव कायम राहून त्यास जोडलेली षष्ठी तेवढी बदलली. ज्या नाण्यावर चेहरा एक व राज्यें दोन, तेथें काळ ठरविण्यास ही षष्ठी पुरते.

हे भेद त्या काळच्या लोकांस महत्त्वाचे वाटत होते, याचें एक प्रमाण सोन्यारुप्याच्या नाण्यांत मिळतें. इ. स. ५४ मध्यें नीरो गादीवर आला तेव्हां दर्शनी बाजूस माता धाकटी आग्रिप्पिना व तो समोरासमोर आहेत. तिचें नांव तेथें प्रथमेंत आहे आणि नीरोचें नांव मागील बाजूस 'नेरोनि' असें चतुर्थींत. पुढच्याच वर्षीं नीरोचें नांव प्रथमेंत दर्शनी बाजूस आलें आणि मातेचा लेख मागें गेला. इ. स. ५९ मध्यें त्यानें तिचा वध करविला. कर्ता व संप्रदान यांची ही अदलाबदल टांकसाळींत कोणी सहज केली असेल, असें आम्हांस वाटत नाहीं.

(५)

आतां षष्ठी व चतुर्थी यांचें रूप एकच असतां निर्णय कसा करावा? यास आम्हांस दोन उपाय दिसतात. पहिला, पुरुषांच्या नाण्यांवरील समान लेख. ट्राजनाच्या नाण्यांवर 'नेर्वाए त्रायानो' असें त्याचें नांव असतें व मागें 'ओप्तिमो प्रिन्किपि', म्हणजे 'सर्वोत्तम प्रमुखास'. 'नेर्वाए' या रूपावरून कांहींच ठरत नाहीं, पण 'त्रायानो' ही निःसंशय चतुर्थी. तेव्हां 'नेर्वाए' हीही चतुर्थीच. दुसरा उपाय, निराळ्या रीतीनें चालणारीं स्त्रीलिंगी नामें. 'युनो' याची षष्ठी 'युनोनिस्' व चतुर्थी 'युनोनि'. 'वेनुस्' याची 'वेनेरिस्' व 'वेनेरि'. 'मातेर्' याची 'मात्रिस्' व 'मात्रि'. येथें संशयास जागा नाहीं.

दुसऱ्या शतकांतील सम्राज्ञींच्या नाण्यांस हे नियम लावून पाहिले असतां बरेंच हातीं लागतें. हेड्रियनाची पत्नी साबिना जिवंत असतां तिचा लेख 'साबिना आउगुस्ता हाद्रियानि', म्हणजे 'हेड्रियनाची साबिना आउगुस्ता' असा आहे. मरणोत्तर तो 'दिवा आउगुस्ता साबिना' असा होतो. अँटोनायनस पायसाची पत्नी थोरली फाउस्तिना हिचेंही तसेंच. हयातींत 'फाउस्तिना आउगुस्ता अन्तोनिनि', आणि इ. स. १४० च्या सुमारास ती वारल्यावर 'दिवा फाउस्तिना'. पतीची षष्ठी गळून पडली. देवता झालेली स्त्री कोणाची पत्नी म्हणून सांगावयाची गरज राहिली नाहीं. पति मागें वीस वर्षें राज्य करीत होता, आणि तिचीं मरणोत्तर नाणीं विपुल निघत होतीं. त्यांवर 'आएतेर्नितास्' म्हणजे शाश्वतता, 'केरेस्', 'युनो', 'वेस्ता' अशीं नांवें मागील बाजूस प्रथमेंत येतात. कांहींवर मशाल घेतलेली केरेस् दिसते, पण लेख केवळ 'आउगुस्ता' असतो. रोमच्या चौकांतील तिच्या देवळावर, पतीचें नांव आधीं घातल्यावर, जो लेख आज वाचतां येतो तो 'दिवो अन्तोनिनो एत् दिवाए फाउस्तिनाए', 'देव अँटोनायनस व देवी फाउस्तिना यांस', असा चतुर्थ्यन्त आहे. देऊळ अर्पण करावयाचें असतें, म्हणून चतुर्थी. नाण्यावर ती स्वतः येते, म्हणून प्रथमा.

हिची कन्या धाकटी फाउस्तिना, मार्कस ऑरेलियसाची पत्नी. पिता जिवंत असेपर्यंत हिचा लेख 'पायसाची कन्या' असा असतो. पतीचें नांव त्यांत नाहीं. आरंभींच्या कांहीं नाण्यांवर तर 'फाउस्तिनाए' अशी सरळ चतुर्थी आहे. इ. स. १६१ मध्यें पिता वारल्यावर नुसतें 'फाउस्तिना आउगुस्ता' एवढेंच उरतें. हिला निदान बारा अपत्यें झालीं, व तीं नाण्यांवर दिसतात. एका नाण्यावर सिंहासनावर दोन बालकें असून लेख 'युगाचें सौख्य' असा आहे, इ. स. १६१ मध्यें जन्मलेले कोमोदुस व त्याचा जुळा भाऊ ते हेच, असें मानितात. दुसऱ्या एका प्रकारावर 'फेकुन्दिताति आउगुस्ताए' असा लेख असून मुलांसह उभी असलेली स्त्री आहे. 'फेकुन्दितास्' म्हणजे प्रजननशक्ति. तिची ही निःसंशय चतुर्थी. पण 'आउगुस्ताए' ही षष्ठी घेतली तर 'आउगुस्तेच्या प्रजननशक्तीस', आणि विशेषणाची चतुर्थी घेतली तर 'पूज्य प्रजननशक्तीस', असे दोन अर्थ होतात. व्यधिकरण घ्यावें कीं समानाधिकरण, हें केवळ लेखावरून सांगतां येत नाहीं. आणि तेथें आकृति सम्राज्ञीची कीं देवतेची हेंही त्याच कारणानें सांगतां येत नाहीं. 'मात्रि कास्त्रोरुम्', म्हणजे 'छावण्यांच्या मातेस', या नाण्यावर मात्र ध्वजांपुढें हविर्द्रव्य टाकणारी ती फाउस्तिनाच.

देवतेचें नांव चतुर्थींत असेल, जसें 'वेनेरि गेनेत्रिकि' किंवा प्रसूतीच्या देवतेस उद्देशून 'युनोनि लुकिनाए', तर सम्राज्ञी ही उपासक व देवता ही उपास्य असा भेद राखला आहे. प्रथमेंत असेल तर दोघींच्या ऐक्याची सूचना असणें शक्य आहे, असें आमचें अनुमान आहे. तें सर्वत्र लागू पडेल असें आम्ही म्हणत नाहीं. याच फाउस्तिनेच्या नाण्यांवर 'युनो' अशी प्रथमा व 'युनोनि रेगिनाए' अशी चतुर्थी हीं दोन्ही आढळतात. तेव्हां या अनुमानास दुसऱ्या प्रमाणाची जोड असल्यावांचून त्यावर भार घालूं नये. हिच्या कन्येच्या, लुकिल्लेच्या, नाण्यांवरही 'लुकिल्लाए आउगुस्ताए, अन्तोनिनाची कन्या' असा लेख येतो. पति लुकियुस वेरुस हा सहबादशहा असूनही षष्ठींत पिताच आहे. घराण्यांतील मान कोणाकडून आला, हें यावरून दिसतें.

तिसऱ्या शतकाच्या आरंभीं युलिया दोम्ना हिच्या नाण्यांवर षष्ठीनें निराळेंच रूप घेतलें. इ. स. २११ च्या सुमाराच्या एका लेखांत ती 'आउगुस्तांची माता, सेनेटची माता, पितृभूमीची माता' आहे. षष्ठ्यन्त शब्द तीन, परंतु आतां ती कोणाची म्हणून ओळखली जात नसून इतर तिचे म्हणून ओळखले जातात. येथें एक मौज सांगण्यासारखी आहे. 'आउगुस्तांची' हा शब्द 'आउग्' असा तोडून त्यांतील शेवटचें अक्षर दुहेरी कोरलेलें आहे, कारण बादशहा दोन होते. तीन असत तेव्हां तें तिहेरी येई. लॅटिन भाषेंत द्विवचन नाममात्रच उरलें आहे, पण टांकसाळींतील कारागिरांनीं तें अशा रीतीनें पुन्हां उत्पन्न केलें.

(६)

आमची दुसरी चूक चौथ्या शतकांतील आहे. पेटींत कॉन्स्टंटाइन बादशहाची माता हेलेना हिचीं दोन लहान नाणीं होतीं. दोन्ही झिजलेलीं, दोहोंवरही उजवीकडे पाहणारी स्त्री, मागें उभी देवता, हातांत फांदी. आम्हीं दोहोंसमोर 'हेलेना, इ. स. ३२४-३२९' असें लिहिलें. पहिल्याविषयीं तें बरोबर आहे. त्यावर 'फ्लाविया हेलेना आउगुस्ता' हा लेख स्पष्ट आहे, व मागें 'सेकुरितास् रेइपुब्लिके', म्हणजे 'राज्याची निर्भयता'. व्याकरणानें 'रेइपुब्लिकाए' पाहिजे. परंतु तोंवर 'आए' याचा उच्चार 'ए' होऊन गेला होता, जसा आपल्याकडे संस्कृत 'शैल' याचा प्राकृतांत 'सेल' झाला.

दुसऱ्या नाण्यावर भिंग धरून पाहतां नांवानंतर एक आडव्या रेघांचें अक्षर दिसलें. तें 'ए' होय. लेख 'हेलेना' नसून 'हेलेनाए' आहे. म्हणजे 'फ्लाविया युलिया हेलेना आउगुस्ता हीस'. असा चतुर्थ्यन्त लेख तिच्या हयातींतील नाण्यांवर नाहीं. तो कॉन्स्टंटाइनाच्या मृत्यूनंतर, इ. स. ३३७ ते ३४० या काळांत, त्याच्या पुत्रांच्या राज्यांत निघालेल्या नाण्यांवर आहे, व मागें 'पाक्स् पुब्लिका' म्हणजे 'सार्वजनिक शांति' असा लेख असतो. मागील बाजूचीं जीं थोडीं अक्षरें उरलीं आहेत तीं या वाचनाशीं जुळतात. वजनही तेंच सांगतें : पहिलें नाणें सुमारें ३ ग्रॅमांचें, तर दुसरें त्याच्या निम्मेंच. त्याच काळीं कॉन्स्टान्तियुसाची दुसरी पत्नी थेओदोरा हिचेंही नाणें 'थेओदोराए' असें चतुर्थींत निघालें. त्यावर स्तनाशीं बालक धरलेली 'पिएतास् रोमाना' आहे. दोघीही तेव्हां हयात नव्हत्या. ख्रिस्ती राज्यांत 'दिवा' हें पद लावणें अवघड झालें होतें; मृत स्त्रीचा गौरव करावयास चतुर्थी तेवढी उरली, असें यावरून आम्हांस वाटतें.

'सालुस्' हा शब्द मात्र टिकून राहिला. कॉन्स्टंटाइनाची पत्नी फाउस्ता दोन बालकांसह 'सालुस् रेइपुब्लिकाए', 'राज्याचें क्षेम', या लेखाखालीं उभी आहे, इ. स. ३२६ मध्यें पतीच्याच आज्ञेनें तिचा अंत झाला. पहिल्या थेओदोसियुसाची पत्नी फ्लाक्किल्ला हिच्या नाण्यांवरही तोच लेख आहे. परंतु देवतेच्या ठिकाणीं ढालीवर ख्रिस्ताचें चिन्ह लिहिणारी विजयश्री आहे. टायबेरियसाच्या काळीं 'आउगुस्ता' हें क्षेमाचें विशेषण होतें. साडेतीनशें वर्षांनंतर क्षेम राज्याचें झालें व आउगुस्ता दर्शनी बाजूस निराळी उभी राहिली.

(७)

आपल्याकडील संग्राहकांस या सर्वाचा उपयोग काय, असें कोणी विचारील. पहिल्या शतकांत आपल्या देशांत रोमन नाणीं आलीं तीं बहुधा सोन्यारुप्याचीं. लहान ताम्रनाणीं दक्षिणेंत व सिंहलांत सांपडतात तीं उत्तरकालीन. परंतु दक्षिण भारतांत जे रुप्याचे रोमन देनारियुस मोठ्या संख्येनें सांपडले आहेत, त्यांत टायबेरियसाचा एक प्रकार फार आढळतो. त्याच्या मागें आसनस्थ स्त्री असून तिच्या हातांत फांदी व दंड आहेत. लेख 'पोन्तिफेक्स् माक्सिमुस्', म्हणजे 'महापुरोहित'. हीं पदें पुल्लिंगी प्रथमेंत आहेत व तीं टायबेरियसाकडे जातात. स्त्रीचें नांव कोठेंच नाहीं. तरीही पुष्कळ याद्यांत 'लिव्हिया' असें निःशंकपणें लिहिलेलें असतें. ती लिव्हिया असेल, शांतिदेवता असेल, किंवा पाहणारानें दोन्ही समजावें असा हेतु असेल. जें नाण्यावर लिहिलेलें नाहीं तें यादींत वाचन म्हणून लिहूं नये, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

यासाठीं प्रत्येक नाण्यापुढें तीन रकाने निरनिराळे ठेवावे, अशी आमची सूचना आहे. पहिल्यांत लेख, जितकीं अक्षरें दिसतात तितकींच, शेवटच्या अक्षरासह; दुसऱ्यांत विभक्ति व अन्वय; तिसऱ्यांत आकृतीविषयीं तर्क व त्याचें कारण. पहिले दोन रकाने कोणीही तपासून पाहूं शकेल. तिसऱ्याविषयीं मतभेद राहिला तरी हरकत नाहीं. तर्क वाचनाच्या जागीं जाऊन बसला म्हणजे मागून येणारास तो वेगळा काढतां येत नाहीं, आणि एका यादींतील चूक दुसरींत उतरत जाते. आमची चूकही तशीच, छापील सूचीवर विसंबून झाली.

स्नेह्यांच्या पेटींतील त्या दोन नाण्यांच्या नोंदी आम्हीं आतां बदलल्या आहेत. पहिली : 'सालुस् आउगुस्ता, प्रथमा, समानाधिकरण, मुद्रा लिव्हियेची असावी, केशरचनेवरून व इ. स. २२ मधील आजारावरून.' दुसरी : 'हेलेनाए, चतुर्थी, मरणोत्तर, इ. स. ३३७-३४०.' पेटींतील आणखी अकरा नाण्यांवरील शेवटचीं अक्षरें अद्याप लागलेलीं नाहींत. त्यांच्या नोंदींत विभक्तीचा रकाना आम्हीं मोकळा ठेविला आहे.